दोनशे सोळावं आवर्तन

अठरा मिनिटं गप्प बसायचं आणि मग एकदाच झांज वाजवायची, एवढंच काम होतं. पण ते अठरा मिनिटांचं गप्प बसणंसुद्धा रेकॉर्ड करायचं असं काटेसाहेबांनी ठरवलं, आणि सगळी गंमत (त्यांच्या मते सगळा सत्यानाश) तिथून सुरू झाली.

काटेसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानात शिरायचं, तराजूचा काटा बोटभर जरी हलला तरी दुकानदाराकडे असं बघायचं की त्याने पुढच्याच क्षणी लिंबूपाणी मागवावं. दुकानदारांनीच त्यांचं हे नाव पाडलं. घरीसुद्धा तेच. चहात साखर सपाट चमचा, शीग काढून. साथ आली तेव्हा दुधाच्या केंद्रासमोर सहा-सहा फुटांवर खडूने गोल काढले होते. साहेबांनी खिशातून टेप काढली आणि चौथा गोल चार बोटं अलीकडे आलाय असा शोध लावला. मग पायाने तो पुसून नवा काढायला बसले. मागची सगळी रांग चार-चार बोटं सरकवताना लोक जे काही बोलले, ते मास्कमुळे नीट कळलं नाही, हेच बरं झालं.

तर अशा या माणसाला संगीताची हौस. अकरा वर्षांपूर्वी ते गावातल्या हौशी वाद्यवृंद मंडळात गेले. मंडळाच्या सर्वेसर्वा म्हणजे बाई. बाई भूमितीच्या निवृत्त शिक्षिका. वाद्यवृंदसुद्धा त्या कंपासपेटी उघडून बसल्यासारखा चालवायच्या. त्यांनी साहेबांचं व्हायोलिन दोन मिनिटं ऐकलं, डोळे मिटले, उघडले आणि विचारलं, “तुम्हाला खुर्च्या मांडता येतात का?”

त्या दिवसापासून साहेब खुर्च्या मांडत होते. दोरी लावून! अशा सरळ रांगा की या टोकाला उभं राहिलं तर एकच खुर्ची दिसावी. पण बायकोला त्याचं काय कौतुक?

“खुर्च्या कशा मांडतात ते बघायला मी तीन तास कशाला येऊ?” ती म्हणायची. “घरी चार आहेत, त्या मांडून दाखवा.”

अकरा वर्षांत ती एकाही कार्यक्रमाला आली नाही. साहेब वरवर हसण्यावारी न्यायचे, पण हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. एकदा, फक्त एकदा तिने समोर बसावं आणि आपण काहीतरी वाजवावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

आणि त्या वर्षी योग जुळून आला. बाईंनी स्वतः एक रचना बांधली. नाव ‘सूर्योदय’. सुरुवातीला अंधार, मग हळूहळू फटफटतं, पाखरं बोलतात (हे काम दातांच्या डॉक्टरांच्या बासरीकडे), आणि दोनशे सोळाव्या आवर्तनाला ताटाएवढ्या दोन पितळी झांजा एकमेकींवर आदळतात, की उगवला सूर्य! जुन्या झांजवाल्याची बदली झालेली. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती खुर्च्यांच्या ढिगाशी येऊन थांबली.

“वाजवायचं काय, कोणीही वाजवेल,” बाई म्हणाल्या. “मला दोनशे पंधरा आवर्तनं न वाजवणारा माणूस हवाय. साहेब, तुम्ही या.”

साहेब त्या दिवशी घरी चालत आले नाहीत, तरंगत आले.

“एकदाच?” बायकोने विचारलं.

“एकदाच. पण सूर्य उगवतो तेव्हा!”

“आणि तुम्ही नाही वाजवलंत तर?”

“तर अंधार.”

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “बरं. येईन मी.”

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी सभागृहात जाऊन पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची तिच्यासाठी पक्की केली. झांजेच्या बरोबर समोर. मग ते मोजायला लागले. आंघोळ करताना मोजायचे, दाढी करताना मोजायचे, जेवताना तर घास आणि आवर्तन यांचा मेळ बसायचा नाही म्हणून दोनदा जिभेला चावा बसला. मंडळात बाईंचा एक नियम होता आणि तो साहेबांनी काळजावर कोरून घेतला होता: विरामसुद्धा वाजवायचा असतो. ज्याचं वाद्य गप्प आहे त्याने जांभई द्यायची नाही, खाजवायचं नाही, घड्याळ बघायचं नाही. गप्प बसणं हेही वादनच!

आणि कार्यक्रम दहा दिवसांवर आला असताना साथ आली.

मंडळाची बैठक फोनच्या पडद्यावर भरली. सत्तावीस वर्षांत मंडळाने एकही कार्यक्रम रद्द केलेला नव्हता. एकदा वीज गेली तर मोटारसायकलींचे दिवे लावून वाजवलं होतं म्हणे. पण आता सभागृहालाच कुलूप. डॉक्टर म्हणाले, “रद्द करण्यावाचून इलाज नाही.”

“रद्द?” साहेब एवढ्या जोरात उठले की पडद्यावर फक्त त्यांचं पोट दिसायला लागलं. “रद्द हा शब्द आपल्या मंडळात नाही! कार्यक्रम पुढे ढकलला, असं लिहा. लिहा कशाला, मीच लिहितो.”

त्यांनी लिहिलं. जाहिरातीच्या कागदांवर नव्या तारखेची पट्टी चिकटवली. ती तारीख आली तेव्हा साथ जरा जास्तच रंगात आली होती, म्हणून पट्टीवर पट्टी चिकटवली. मग तिसरी. तिसरी पट्टी वाऱ्याने निघाली आणि तिच्याबरोबर दुसरीही अर्धी निघाली, त्यामुळे चौकातल्या कागदावर बरेच दिवस ‘सूर्योदय, एकतीस तारखेला सकाळी किंवा पाच तारखेला सायंकाळी’ असं काहीतरी दिसत होतं. लोक साहेबांना फोन करून विचारायचे, “सूर्य नक्की कधी उगवणार?”

“उगवणार!” साहेब ठणकावून सांगायचे. “तारीख कळवू.”

शेवटी उपाय काढला तो डॉक्टरांनी. दवाखाना बंद, दाढा घरोघरी दुखतायत, आणि डॉक्टर रिकामे. त्यांनी फोनवर बघून बघून चित्रफिती जोडायला शिकून घेतलं होतं.

“प्रत्येकाने आपापल्या घरी आपापलं वाजवून रेकॉर्ड करायचं,” डॉक्टर म्हणाले. “मी सगळ्यांना एक टिकटिक पाठवतो. ती कानात लावायची म्हणजे लय एकच राहील. तेवीस जणांचे तेवीस तुकडे मी जोडतो, आणि रविवारी संध्याकाळी सहाला सगळ्या श्रोत्यांच्या फोनवर कार्यक्रम! फक्त आपापला भाग पाठवा.”

“आणि सगळ्यांचा आवाज सारखा ठेवा,” बाईंनी बजावलं. “मंडळात लहानमोठं कोणी नाही.”

आता ‘आपापला भाग’ म्हणजे काय? दुसऱ्या कोणी झांजेचे दहा सेकंद पाठवले असते आणि जाऊन झोपला असता. पण साहेबांच्या लेखी त्यांचा भाग पहिल्या आवर्तनापासून सुरू होत होता. दोनशे पंधरा आवर्तनं गाळून एकच पाठवायचं म्हणजे किलोऐवजी छटाक देण्यासारखं! असल्या गुन्ह्यासाठी त्यांनी लोकांचे तराजू जप्त केले होते.

जागा कुठली? झोपायच्या खोलीत पंखा कुरकुरायचा, पुढच्या खोलीत रस्त्याचा आवाज. राहिलं जेवायचं टेबल. ते स्वयंपाकघराला अगदी खेटून, मध्ये नुसती अर्धी भिंत. पण उजेड छान पडायचा. साहेबांनी फोन उभा केला, काळा कोट चढवला, कानांवर वाडग्यांएवढे हेडफोन बसवले आणि घरातल्यांची सभा घेतली. घरातल्या म्हणजे बायको आणि सासूबाई. सासूबाई चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या आणि पाचव्या दिवशी गाड्या बंद झाल्या, त्याला आता चार महिने झाले होते.

“मी वाजवत असताना टाचणी पडलेलीही ऐकू येता कामा नये,” साहेब म्हणाले. “कळलं?”

“तुम्ही वाजवत असताना ना?” सासूबाईंनी विचारलं.

“हो.”

“मग काही काळजी करू नका, जावईबापू. वाजवायला लागलात की आम्ही तोंडाला कुलूप लावतो.”

साहेबांनी फोनवर बोट टेकवलं, झांजा मांडीवर घेतल्या आणि डोळे मिटले. कानात टिकटिक सुरू झाली. एक. दोन. तीन. बाहेरचं जग बंद झालं. पन्नासाव्या आवर्तनाला नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, पण ते हलले नाहीत. शंभराव्या आवर्तनाला डोळ्यांसमोर पहिली रांग आली, तिसरी खुर्ची आली. एकशे ऐंशीला पायाला मुंग्या आल्या. दोनशे दहाला त्यांनी डोळे उघडले, झांजा उचलल्या. दोनशे चौदा. दोनशे पंधरा. आणि दोनशे सोळा!

असा दणका दिला की कपाटातल्या कपबशा शहारल्या. काय नाद होता तो! पितळ कितीतरी वेळ गुणगुणत राहिलं. साहेब तसेच हात पसरून, मान उंच करून बसले. मग फोन बंद केला, हेडफोन काढले आणि वळून बघितलं, तर सासूबाई छातीवर हात ठेवून खुर्चीत कोसळलेल्या आणि बायको त्यांना पाणी पाजतेय.

“काय झालं?”

“काही नाही, जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या. “जीव गेला होता, आला परत.”

“झालं सुरू?” बायकोने विचारलं.

“सुरू? संपलं!”

“संपलं? मग मघापासून डोळे मिटून काय करत होता?”

“वाजवत होतो.”

बायकोने पाण्याचा पेला खाली ठेवला. तिने आईकडे बघितलं. आईने तिच्याकडे बघितलं.

“अहो,” बायको हळूच म्हणाली, “त्यात सगळाच आवाज येतो का हो?”

“झांजेचा येणार. बाकी कशाचा?” साहेब तोऱ्यात म्हणाले. बायको “एकदा परत करू या का?” असं पुटपुटलीही, पण साहेबांनी तोवर ते डॉक्टरांना धाडायला सुरुवातही केली होती. परत लावून ऐकायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे तपासणाऱ्या माणसाला स्वतःचं काम तपासायची सवय नसते.

रविवार उजाडला. साहेब सकाळपासून कोटात. दुपारी त्यांनी पुढच्या खोलीत खुर्च्या मांडल्या. तीनच, पण दोरी लावून. बायकोला तिकीट दिलं, सासूबाईंना दिलं, आणि दाराशी उभं राहून दोघींची तिकिटं फाडून अर्धा भाग परतही दिला. बायको ठेवणीतले कपडे घालून बसली होती, पण का कोण जाणे, तिच्या चेहऱ्यावर काही आनंद दिसत नव्हता.

सहाला पडदा उजळला. तेवीस चौकोन, मधोमध बाई, आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात डोळे मिटलेले काटेसाहेब. खर्जातले सूर सुरू झाले. अंधार अगदी छान पडला. साहेबांनी मान डोलावली. चौथ्या मिनिटाला बासरी लागली, आणि त्या बासरीच्या मागून एक स्वच्छ, खणखणीत आवाज आला:

“सुरू झालं का गं यांचं?”

आणि त्याला उत्तर:

“कुठलं सुरू! एकदा तरी वाजलंय का? वाजलं की कळेलच. तू ते बटाटे दे इकडे.”

खोलीतल्या सासूबाई पुढे वाकल्या.

“अगंबाई, ही कोण बाई बोलतेय? आवाज अगदी माझ्या थोरल्या बहिणीसारखा आहे!”

“आई,” बायको म्हणाली, “ती तू आहेस.”

पडद्यावर पाखरं किलबिलत होती आणि त्यांच्यामध्ये सासूबाई सांगत होत्या, “सालं पातळ काढ हो. जावईबापू वजन करून बघायचे.” मग दोघींचं हसणं. मग बायकोचा आवाज, अगदी दिलखुलास: “हे म्हणतात, डॉक्टर बासरी फुंकायला लागले की ऐकणाऱ्याची दाढ ठणकायला लागते.”

वरच्या चौकोनात डॉक्टर तल्लीन होऊन तीच बासरी फुंकत होते.

“अरे देवा,” साहेब म्हणाले. त्यांनी पडदा बंद करायला हात पुढे केला आणि परत घेतला. इथे बंद करून काय उपयोग? गावातल्या साडेतीनशे घरांत ते चालूच होतं.

“आणि त्या बाई कशा आहेत?” पडद्यातल्या सासूबाईंनी विचारलं.

“बाईंना हे भारी घाबरतात. त्यांचा फोन आला की उठून उभे राहतात. परवा तर अंगाला साबण लागलेला, तसेच उभे!”

साहेबांनी मनात हिशोब केला. नव्वदावं आवर्तन चालू होतं. (मोजायची सवय, सुटत नाही.) अजून सव्वाशेच्या वर आवर्तनं घरातलं काय काय बाहेर येणार होतं कोण जाणे. घोरण्याचा विषय येऊन गेला. स्वतःच्या हाताने केस कापताना कानामागे पाडलेल्या खड्ड्याचा विषय आला. मध्ये थोडा वेळ नुसते बटाटे पाण्यात पडल्याचे आवाज आले, तेही दैवयोगाने तालात. आणि मग बायकोचा आवाज एकदम खाली आला.

“कार्यक्रम पहिल्यांदा पुढे गेला ना आई, तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. मला म्हणाले पोट बिघडलंय. पोट कसलं! न्हाणीघरात नळ सोडून रडत होते.”

“एवढं काय आहे त्या झांजेत?”

“अकरा वर्षं नुसत्या खुर्च्या उचलल्या गं त्यांनी. मी थट्टाच केली नेहमी. यंदा मी जाणार होते. माझ्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. सात वेळा मोजून बघितली म्हणे, बरोबर समोर येते का. वेडाच आहे माणूस. पण आता माझ्यासाठी वेडा होतो, त्याला मी तरी काय करणार?”

खोलीत साहेबांनी मान न वळवता नुसते डोळे तिरके करून बायकोकडे बघितलं. ती छताकडे बघत होती आणि तिचे कान लालबुंद झाले होते. साहेबांनी आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. होऊ दे सगळी बदनामी! दोनशे सोळावं जवळ आलं होतं. आता ती झांज ऐकणार होती, मग बाकी कशाचं काही नाही.

“बघ हं,” ते तिच्या कानाशी म्हणाले. “आता उगवतो. दोनशे चौदा... दोनशे पंधरा...”

सगळा वाद्यवृंद एका क्षणासाठी थांबला. कोपऱ्यातल्या चौकोनात साहेबांनी झांजा उचलल्या, हात पसरले, आणि पूर्ण ताकदीने एकमेकींवर आदळल्या.

काहीही वाजलं नाही. टक्क नाही, टुक्क नाही. दोन उशा आपटाव्यात तसं. आणि त्या भयाण शांततेत, ऐन सूर्योदयाच्या मुहूर्तावर, सासूबाईंची किंकाळी आभाळाला भिडली:

“अगं आई गंऽऽ! मेले! मेले!”

आणि लगेच बाकीची सगळी वाद्यं मोठ्या आनंदाने प्रकाशाच्या सुरात वाजू लागली.

कार्यक्रम संपायच्या आतच साहेबांनी डॉक्टरांना फोन लावला.

“माझी झांज कुठे गेली?”

“हां, ते ना,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज जरा गारच होता. “मी ‘फालतू आवाज काढून टाका’ असं एक बटण दाबलं होतं. फार हुशार आहे ते. माणसांचे आवाज जपतं आणि खडखडाट तेवढा उचलून टाकतं. तुमच्या तुकड्यात अठराव्या मिनिटाला एक मोठा खडखडाट सापडला, तो काढला.”

“अहो, तीच झांज होती! आणि बाकी एवढं मोठ्याने कसं आलं?”

“बाईंनी सांगितलं होतं ना, सगळ्यांचा आवाज सारखा ठेवा म्हणून. तुमचा फारच बारीक होता, तो वाढवला.”

“जोडल्यावर एकदा ऐकायचं तरी!”

“ऐकलं की. माझी बासरी वेगळी लावून ऐकली. चांगली झालीय. आणि साहेब, तुमची ती डावीकडची दाढ अर्धी कोरून ठेवलीय ना मी? दवाखाना उघडला की पहिला नंबर तुमचाच.”

साहेबांनी फोन ठेवला तोच तो परत वाजला. पडद्यावर नाव: बाई. साहेब उठून उभे राहिले. सासूबाईंनी लेकीला कोपराने ढोसलं.

“बाई, मी राजीनामा लिहितोय,” साहेब एका दमात म्हणाले. “खुर्च्यांची दोरी उद्या आणून देतो. सत्तावीस वर्षांच्या परंपरेला माझ्यामुळे...”

“ते राहू दे. मला आधी सांगा, सूर्य उगवला तेव्हा ओरडल्या त्या कोण?”

“माझ्या सासूबाई.”

“अगदी वरचा षड्ज लागला होता त्यांचा. तंतोतंत. मी पेटीवर लावून बघितला.” बाईंचा श्वास जोरात चालला होता. “अहो, सत्तावीस वर्षांत श्रोत्यांचे मला चार फोन आले असतील. त्यातले दोन चुकून लागलेले. आत्ता गेल्या पाच मिनिटांत एकोणीस आले! लोक म्हणतायत परत लावा. एक आजोबा म्हणाले, चार महिन्यांत घरात पहिल्यांदा सगळे एकत्र बसून हसलो. सभागृह उघडलं की ‘सूर्योदय’ पहिला. आणि तुमच्या सासूबाई हव्यात.”

सभागृह उघडायला पुढे वर्ष गेलं. तोवर मंडळाने कार्यक्रम आणखी दोनदा पुढे ढकलला (रद्द नाही!) आणि चौकातली जाहिरात पट्ट्यांनी एवढी जाड झाली की ती भिंतीला आधार देतेय की भिंत तिला, ते कळेना. सासूबाई अर्थातच अजून इथेच होत्या. आता त्यांना जायचं कशाला सुचेल? मंडळाच्या तालमीला जायचं होतं ना!

पण तालमीत एक घोटाळा झाला. सासूबाईंना ओरडा म्हटलं की ओरडता येईना. “अगं आई गं, मेले,” असं त्या शाळेतल्या हजेरीसारखं म्हणायच्या. बाईंनी नाना प्रकारे सांगून बघितलं. डॉक्टरांनी दाढ काढायची पकडसुद्धा दाखवली, पण सासूबाईंना दातच नव्हते. शेवटी बाईंनी साहेबांना बाजूला घेतलं.

“तुम्ही त्यांच्या खुर्चीमागे उभं राहा. त्यांना आवर्तनं मोजता येत नाहीत, तुम्हाला येतात. दोनशे सोळाला, बेसावध असताना, कानाशी वाजवा. जेवढी ताकद असेल तेवढी लावा.”

म्हणजे झांज होती! साहेबांचा चेहरा उजळला. या वेळी बटण नव्हतं, फोन नव्हता, मध्ये अर्धी भिंत नव्हती.

कार्यक्रमाच्या दिवशी त्यांनी एकेक खुर्ची सोडून रांगा मांडल्या, टेप लावून. पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची मात्र त्यांनी रुमालाने पुसली. बायको आली. खरंच आली! हातात फुलांचा मोठा गुच्छ घेऊन ती बरोबर त्या खुर्चीत बसली, आणि मास्कच्या वरून तिचे डोळे हसतायत हे साहेबांना रंगमंचावरून दिसलं. अंधाराचे सूर सुरू झाले. साहेब सासूबाईंच्या मागे, झांजा त्यांच्या पाठीआड धरून, उभे राहून मोजत होते. या वेळी नाकाला खाज नाही, पायाला मुंग्या नाहीत. बाराव्या वर्षी माणूस आपल्या जागी उभा होता. दोनशे चौदा. दोनशे पंधरा.

दोनशे सोळाला त्यांनी बारा वर्षांचं सगळं बळ एकवटून दणका दिला. त्याच क्षणी सासूबाई खुर्चीतून वीतभर उडाल्या आणि अशा ओरडल्या की मागच्या रांगेतली दोन मुलं उठून उभी राहिली. सभागृह हसलं, मग रडलं, मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. बाईंनी डोळे पुसले. डॉक्टरांनी बासरी उंचावून सलाम केला.

साहेब झांजा बगलेत मारून धावतच खाली उतरले. बायको डोळ्यांत पाणी घेऊन उभी होती.

“ऐकलंस?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“ऐकलं हो! काय ते ओरडणं! अंगावर काटा आला बघा.” तिने गुच्छ सावरला आणि आई कुठे दिसतेय का म्हणून त्यांच्या खांद्यावरून रंगमंचाकडे बघितलं. मग एकदम आठवून प्रेमाने त्यांच्या कोटाची बाही धरली. “बरं, तुमची झांज कधी आहे हो? अजून व्हायचीय ना? ती ऐकल्याशिवाय मी आज हलणार नाही.”

काटेसाहेबांनी तिच्याकडे बघितलं. मग झांजा हळूच शेजारच्या खुर्चीवर ठेवल्या, कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि शेवटच्या रांगेपासून खुर्च्या उचलायला सुरुवात केली.